पांढरी सहा

फ्रीमाँट, ९ नोव्हेंबर
रात्रीचे पावणेदोन

प्रिय दिग्या,

पत्र बघून दचकू नकोस, वाईट बातमी नाही. फोनच करणार होतो, पण तिकडे आत्ता दुपारचे सव्वातीन, तू दुकानात असशील, आणि हे गिऱ्हाइकासमोर ऐकण्यासारखं नाही. शिवाय फोनवर तू मध्ये बोलतोस. पत्रात तुला बोलता येत नाही, हा पत्राचा मोठाच फायदा.

तर लेका, माडीवरच्या कॅसेटमधला तो आवाज मिळाला. 'कुठला?' असं विचारलंस तर मैत्री संपली.

आणि मिळाला तो असा मिळाला की तासभर मी गॅरेजमध्ये उलट्या बादलीवर बसून होतो. मेधा दारातून डोकावून गेली. तिला काय सांगणार? हे कळणारी जगात तीनच माणसं होती. एक मी, एक तू, आणि तिसरे तुझे अण्णा.

अण्णा गेले तेव्हा मी व्हॉट्सॲपवर दोन ओळी टाकल्या आणि खाली हात जोडलेलं ते पिवळं चित्र. त्यानंतर चौदा महिने गप्प. तू काही बोलला नाहीस, बोलणारही नाहीस, पण मला माहीत आहे ना. त्याचंही पुढे येईल. बाकी माझी शुगर काठावर आहे, गोळी अजून नाही. मेधा बरी, पोरगी कॉलेजच्या गावी, आईचा गुडघा तुला माहीतच आहे. झालं.

मार्चमध्ये मी ऱ्होड्स घेतला, तो जुना इलेक्ट्रिक पियानो. खराखुरा. ओकलंडच्या एका चर्चच्या तळघरात पडून होता. मेधाला सांगितलेला आकडा वेगळा, खरा वेगळा, तुला तिसराच सांगेन. ७३ पट्ट्यांचा स्टेज पियानो, मार्क वन. आत शिक्का आहे २५७४, म्हणजे १९७४ सालचा पंचविसावा आठवडा. माझ्याहून वर्षाने मोठा. वजन जवळजवळ ६० किलो, चार पाय वेगळे काढून पिशवीत. गाडीतून उतरवताना शेजारचा व्हिएतनामी म्हातारा धावत आला, त्याला वाटलं मी एकटाच प्रेत ओढतोय. वरचं झाकण गोलसर असल्यामुळे त्यावर कपड्यांची टोपली राहत नाही, ही मेधाची एकमेव तक्रार.

हा प्रकार माणसाला कसा सुचला तेही ऐक, तुझ्या कमरेच्या संदर्भात सांगतो. हॅरॉल्ड ऱ्होड्स म्हणून पियानोचा मास्तर होता, दुसऱ्या महायुद्धात तो लष्कराच्या हवाई दलात. जखमी सैनिक इस्पितळात खाटेवर पडलेले. बी-१७ विमानांच्या ॲल्युमिनियमच्या नळ्या घेऊन त्याने २९ सुरांचा, मांडीवर मावेल एवढा पियानो केला, खाटेवरच शिकवायला. तिथून पुढे हे सगळं. म्हणजे तू चार महिने पाठीवर झोपून नुसता मोबाइल बघितलास, तेवढ्यात लोकांनी वाद्यं काढली. असो, आता कंबर कशी आहे?

झाकण उघडलं तर आत तार एकही नाही. प्रत्येक पट्टीला एक पोलादी काडी, सायकलच्या स्पोकसारखी, तिच्या डोक्यावर एक जाड धातूची पट्टी. दोन्ही मिळून एक ट्यूनिंग फोर्क, फक्त एक पाय बारीक आणि एक जाड. खालून रबरी टोकाचा हातोडा काडीला मारतो, समोर गिटारीला असतो तसा पिकअप, चुंबकाभोवती तांब्याचं वेटोळं. काडीवर तारेची एक बारीक स्प्रिंग गुंडाळलेली. ती टोकाकडे सरकवली की सूर उतरतो, मुळाकडे सरकवली की चढतो. अशा ७३. माझे दोन शनिवार-रविवार त्यातच गेले.

पण सूर लावणं सोपं आहे रे. खरी गंमत आवाज लावण्यात. काडीचं टोक पिकअपच्या बरोबर मध्यावर आणलं तर मूळ सूर दबतो आणि वरच्या सप्तकातला दिसायला लागतो, कारण एका हेलकाव्यात ती चुंबकासमोरून दोनदा जाते. जरा वर उचललं की मूळ सूर भरतो आणि त्याला घंटेची कड येते. किती वर? अर्धा मिलिमीटर इकडचा तिकडे झाला की आवाज बदलला. पिकअप जवळ घेतला की जोरात मारल्यावर भुंकतो, इथले लोक त्याला भुंकणंच म्हणतात. लांब नेला की मऊ. स्क्रू अर्धा आटा फिरवायचा, वाजवायचं, ऐकायचं, पुन्हा पाव आटा मागे. पहिल्याच रात्री मला सतारमेकर गल्ली आठवली. सतारीची जवारी, दिग्या! दुसरं काही नाही. तो म्हातारा कारागीर घोडीवर कानस एकदा फिरवायचा, तार छेडायचा आणि दोन मिनिटं नुसता बसायचा. आपण म्हणायचो हा काम कधी करतो? आता मी बसतो आणि मेधा तेच म्हणते.

तुझ्या ऑर्केस्ट्रातल्या कीबोर्डवर 'इलेक्ट्रिक पियानो' म्हणून जे बटण होतं, ते यातलं काहीच नव्हे. तो यामाहाच्या डीएक्स-सेव्हनच्या घराण्यातला आवाज, १९८३ नंतरचा, आकडेमोड करून काढलेला. काचेच्या बांगड्या. त्यानेच ऱ्होड्सची जागा खाल्ली. तुझ्या त्या कीबोर्डचा विषय निघालाच आहे तर, गणपतीच्या आदल्या रात्री तो मी उघडला हे कबूल, पण तीन पट्ट्या आधीच मेलेल्या होत्या. हे मी मरेपर्यंत म्हणणार.

आता मूळ गोष्ट.

जूनपर्यंत माझा ऱ्होड्स ठणठणीत झाला. हातोड्यांची रबरं नवी, फेल्ट नवं, सूर रेकॉर्डशी लावलेले. ट्विन रिव्हर्ब ॲम्प्लिफायर एका मित्राकडून उसना आणला. मग आपल्या कॅसेटवरच्या हर्बी हॅनकॉकच्या 'कमीलियन'चा तो मधला भाग, निम्मं गाणं सरल्यावर जिथे सगळं कूस बदलतं आणि हर्बी ऱ्होड्सवर येतो, तो घेऊन बसलो. आठ मात्रा त्याच्या, आठ माझ्या, पाठोपाठ लावून ऐकायच्या. संगणकावर दोन्हींचे आलेख काढले. दिसायला सख्खे भाऊ. पण ऐकलं की, नाही. तो आवाज नाही. आपल्या माडीवर यायचा तो नाहीच.

तीन महिने मी ते 'नाही' शोधत होतो. हातोडे बदलले, पिकअप हलवले, दोनदा नव्याने लावले. एक काडी तुटली, 'टक्' असा आवाज आला आणि सूर गेला, बस, इतक्या साधेपणाने मरतात त्या. मग तुझी आठवण काढून बोटांना दोष दिला. तुझं म्हणणं होतं की हे यंत्रात नाहीच, बोटांत आहे, तो वाजवतो त्याहून जास्त गाळतो. ते बरोबरही आहे. खालचा सूर तो धरतच नाही, ते काम सिंथेसायझरचं आणि पॉल जॅक्सनच्या बेसचं. डाव्या हाताने मधेच दोन ठोके टाकतो आणि हात उचलतो. मी कितीही ठरवलं तरी माझा डावा हात मोकळ्या जागेत जाऊन बसतो, एसटीत रुमाल टाकल्यासारखा. पण दिग्या, माझी बोटं वाईट आहेत हे मान्य करून सांगतो, फरक बोटांचा नव्हता. कारण हर्बीची स्वतःची बोटं, मूळ रेकॉर्डवरची, तीही मला 'तो आवाज' देत नव्हती. सीडी आली तेव्हापासून मी चारचौघांत सांगत आलोय की सीडीत जीव नाही, कॅसेटचीच मजा. एकदा ऑफिसच्या पार्टीत यावर वीस मिनिटं बोललोय. लोक ऐकूनही घेतात.

फेजरचं, म्हणजे आवाज हलवणाऱ्या त्या डबीचं, भांडण तर तू विसरला नसशील. मी म्हणायचो त्यात फेजर आहे, तू म्हणायचास नाही, मी म्हणायचो मग तो आवाज पाण्यात हलल्यासारखा का हलतो? इथे आल्यावर एमएक्सआरची नारिंगी डबी घेतली, फेज नाइन्टी, सगळे तीच घेतात. लावली, आवाज हलला, पण गोल गोल हलला, आपला तसा हलत नव्हता. नंतर कळलं की या डबीचा जन्मच १९७४चा, आणि 'कमीलियन'ची रेकॉर्ड 'हेड हंटर्स' १९७३ साली येऊन गेली. माझी पंचवीस वर्षांची थिअरी साठ डॉलरला बुडाली.

सप्टेंबरमध्ये एका रविवारी तर मी रेकॉर्डिंग झालं तिथेच गेलो. सॅन फ्रान्सिस्कोत, मिशन भागात, एकोणिसाव्या रस्त्यावर डिफरंट फर स्टुडिओ. वॉली हायडरचा स्टुडिओ आणि हा, दोन्हीकडे मिळून रेकॉर्ड झाली. बंद दार, आणि दारासमोर मी. काय होणार होतं? दहा मिनिटं उभा राहिलो, एक माणूस कुत्रं घेऊन गेला, मग समोर बुरिटो खाल्ला आणि आलो. मेधाला सांगितलं ऑफिसचं काम होतं. माणसं बाहेर कुठे कुठे जाऊन खोटं बोलतात, मी एका दारासाठी बोललो.

तर काल रात्री. जेवण झाल्यावर फोनवर तंबोरा लावला, काळी पाच, कारण 'कमीलियन'ची ती सुरुवातीची बेस काळी पाचची आहे, हे आता मला झोपेतही माहीत. डोळे मिटून नुसतं ती बेस मनात ऐकत होतो. आणि मला तुझा हात दिसला. माडीवर, खिडकीशी, अण्णांची पेटी पुढ्यात. बेस सुरू झाली की तू भाता दाबून आधी एक सूर धरायचास, मग त्यावर तुझं ते अर्धवट अभंग अर्धवट फंक सुरू व्हायचं. तुझं बोट गेलं ते कोपरा उडालेल्या पट्टीवर. त्या कोपऱ्याला अण्णांनी लाख भरली होती, लाल, आणि तुझ्या नखाला ती लागायची म्हणून तू बोट जरा तिरकं ठेवायचास.

लाखेची पट्टी काळी नव्हती, दिग्या. पांढरी होती. पांढरी सहा.

मी ताडकन उठलो. रेकॉर्ड काळी पाचला आणि तू पांढरी सहाला, अर्धा सूर खाली, आणि जुळायचं! तुझा कान चुकला असता तर अण्णांनी खालून ओरडून सांगितलं असतं.

मग सगळंच आठवलं. टेपचा पट्टा तुटला ते. विश्रामबागेत पट्टा मिळेना म्हणून मी सायकलच्या जुन्या ट्यूबची आडवी चकती कापून लावली ते. 'इंजिनिअरिंगला कशाला पाठवलंय मला' असं म्हणालो होतो. हर्बी हॅनकॉकसुद्धा कॉलेजात आधी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगलाच होता, हेही वर ऐकवलं होतं. दुसऱ्या दिवशी तू पेटी घेऊन बसलास आणि म्हणालास, 'पम्या, टेप हळू चालतोय. कालपर्यंत काळी पाच होती.' आणि मी काय म्हणालो? अण्णांच्या पेटीचा सूर चढला असेल. उन्हाळ्याने. सगळेच्या सगळे सूर, एका रात्रीत, सारखेच, बरोबर अर्ध्याने! हे मी मिरजेत बसून म्हणालो. कुणी दगड कसा मारला नाही? तीन आठवडे आपण बोलत नव्हतो त्याचं कारण हे होतं, आणि मी आजवर समजत होतो की भांडण वर्गणीवरून झालं.

आणि त्याच आठवड्यात अण्णा सायकलच्या कॅरिअरला पेटी बांधून निघालेले मला तुमच्या कोपऱ्यावर दिसले. जुन्या धोतरात गुंडाळलेली, वर सुतळी, एक हात मागे पेटीवर. मी म्हटलं भजनाला निघाले असतील. तू नंतर ओरडून सांगितलंस की माझ्या बोलण्यावरून ते पेटी तपासून घ्यायला गेले होते, आणि तो बाबा म्हणाला एकही सूर हललेला नाही. त्या रात्री मी तुमच्याकडे जेवलो. अण्णांनी माझ्या ताटात थालीपीठ वाढलं, लोणी वाढलं, पेटीचं अवाक्षर काढलं नाही. मी तीन थालीपिठं खाल्ली.

अजून एक आहे, ते आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. त्यानंतर दोन दिवसांनी मी टेपचं झाकण उघडलं होतं. पुलीभोवती काळी भुकटी साठलेली होती, रबराची. म्हणजे पट्टा ढिला होता, घसरत होता. मी फुंकर मारली आणि झाकण लावलं. पुढे खरंच विसरलो, तू विश्वास ठेव वा नको ठेवूस. पण अण्णा गेल्याचा मेसेज आला तेव्हा डोळ्यांसमोर आलं ते हेच, कॅरिअर आणि सुतळी. का आलं ते कळेना आणि फोन उचलवेना.

काल रात्री मी माझं रेकॉर्डिंग घेतलं आणि संगणकावर अर्धा सूर खाली ओढलं. सूर वेगळा आणि वेग वेगळा असं नाही, टेपसारखं, दोन्ही एकदम. साडेपाच टक्क्यांहून थोडं जास्त हळू. त्यावर जरा डगमग टाकली, घसरत्या पट्ट्याची, एकसारखी नाही, मधेच अडखळणारी. आणि वरची चकाकी कापली, कारण त्या टेपचं हेडही तिरकं होतं. लावलं.

दिग्या, माडीच आली रे. घंटेवर कुणी ओला टॉवेल टाकावा तसा तो आवाज, टणकन न वाजता 'टोंग' करून जरा खाली बसणारा. मागे काकूंचा कुकर तेवढा नव्हता. ते पाण्यासारखं हलणं फेजरचं नव्हतंच, सायकलच्या ट्यूबचं होतं! आयुष्यभर मी ज्या आवाजामागे फिरलो, सातासमुद्रापार ६० किलोचं धूड विकत घेतलं, तो हर्बीचा नव्हता, ऱ्होड्स बनवणाऱ्या फेंडरचा नव्हता, माझ्या भिकार दुरुस्तीचा होता. हिशेबही केला. गाणं आहे १५ मिनिटं ४१ सेकंदांचं. आपल्या टेपवर ते साडेसोळा मिनिटांच्या वर चालायचं. दर वेळी जवळजवळ मिनिटभर जास्त ऐकलंय आपण. हर्बीने न वाजवलेलं.

आता घोळ असा की पुढे काय करू? ऱ्होड्स रेकॉर्डसारखा लावलेला आहे, उत्तम लावलेला आहे, जाणकार येऊन मान डोलावून गेलेत. आणि मला तो नको आहे. मला आपला पाहिजे. पण आपला काढायचा म्हणजे चांगलं वाद्य बिघडवायचं, की चांगलं रेकॉर्डिंग? डगमगसुद्धा मी अंदाजाने टाकली, आणि अंदाज माझाच, म्हणजे परत त्याच माणसावर विश्वास ज्याने चकती कापली. संगणकाला काय माहीत पट्टा किती घसरत होता.

म्हणून काम सांगतो. पिंट्यामामाची ती कॅसेट, बॉलपेनने 'हेड हंटर, इंग्लिश धुन' लिहिलेली, तुझ्याकडेच असणार. बाटलीत फुंकून त्याच रेकॉर्डवरच्या 'वॉटरमेलन मॅन'ची सुरुवात करायच्या नादात तू रिकामी बिअरची बाटली माडीवर आणलीस आणि अण्णा वर आले, तेव्हा बाटली मी खिडकीतून परसात सोडली, कॅसेट तू गादीखाली सारलीस. ती नंतर तूच ठेवलीस. (बाटलीत फुंकायची कल्पना हर्बीच्या तालवादकाची, बिल समर्सची, आफ्रिकेतल्या जंगलातल्या लोकांच्या वाजवण्यावरून घेतलेली, हे मी अण्णांना तेव्हाच सांगायला हवं होतं. निदान विषय तरी बदलला असता.) टेपही माळ्यावर असेल, तुमच्या घरातून काही टाकलं जात नाही. विजेचा शॉक बसेल म्हणून तू स्वतः लावू नकोस, तुझ्या त्या मोटार रिवाइंडिंगवाल्याला बोलाव.

आणि पेटी. कोण वाजवतं आता? मुलीने हात लावला का? तिचं ॲडमिशनचं काय झालं, पुणे की सांगलीच? वहिनींची बदली रद्द झाली असं आई म्हणाली, बरं झालं. दुकानाचा मागचा भाग भाड्याने देणार होतास त्याचं कळव. कमरेला पट्टा लावतोस ना?

फेब्रुवारीत येतोय, तिकीट काढलंय, मेधाला माहीत आहे. मिरजेला आधी येईन, घरी नंतर. तोवर एक कर. पेटी काढ, पांढरी सहा धर आणि फोनवर अर्धा मिनिट रेकॉर्ड करून पाठव. मला ऱ्होड्स त्याला लावायचाय. भाता मधे सोडू नकोस, तुझी ती सवय आहे.

वहिनींना नमस्कार, काकूंच्या पाया पडतो.

तुझा,
पम्या

ता. क. टेप सापडला तर झाकण उघडून बघ चकती आहे का. असली तर पट्टा बदलू नकोस.